एक जूनची पहिली रांग

वाघचौरेकाकांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायला तीन अटी आहेत. माणूस गाणारा किंवा वाजवणारा असावा, चार लोकांना ठाऊक असावा आणि त्याचा जन्म एक जूनचा असावा. चौथी अट कुणी बोलून दाखवत नाही, पण ती कटाक्षाने पाळली जाते. माणूस हयात नसावा. कारण पहिल्या रांगेतल्या सात खुर्च्यांवर सात फोटो बसतात. जिवंत माणसं दुसऱ्या रांगेपासून.

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत काका नेमके माझ्या डोक्यावर राहतात, एकटेच. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते. उमेदीची सगळी वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरात गेली आणि लग्नाचं राहूनच गेलं. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. काका तो अभिमानाने सांगतात. "आपल्या तारखेनं आपल्याला एक दिवस आधी घरी पाठवलं!" जणू तारीख ही घरातली कर्ती आत्या आहे.

'आपल्या तारखेचा' हे त्यांचं सर्वोच्च प्रशस्तिपत्रक. गेटवरच्या चौकीदाराच्या ओळखपत्रावर एक जून दिसली, त्या दिवसापासून त्याला रोज सकाळी चहा जातो. "अपनी तारीख का आदमी है," एवढंच स्पष्टीकरण. फोटोंच्या रांगेत एक शाहीर आहेत, एक लावणीवाल्या बाई, एक ढोलकीपटू, लग्नाच्या बँडमधून रेडिओपर्यंत पोचलेले एक क्लॅरिनेटवाले मास्तर, एक कव्वाल आणि दोन भजनीबुवा. एकेकाळी यांच्या गाण्यांवर गावंच्या गावं जागली. आज त्यांना ऐकायला एक जूनच्या संध्याकाळी पंचवीस माणसं येतात. त्यातली दहा सोसायटीच्या हॉलमध्ये कूलर आहे म्हणून येतात.

या सात जणांच्या जन्मामागे काकांचा एक सिद्धांत आहे. "त्या दिवशी हवा सुरात असते. पृथ्वी पावसासाठी गळा मोकळा करते. त्या हवेत पहिला श्वास घेतला की सा लागलाच." हे ते चव्वेचाळीस अंश तापमानात, रुमालाने मान पुसत सांगतात. बाहेर भाजून काढणारी लू वाहत असते. तिला कुठलाच सूर नसतो.

"काका, तुम्हीही एक जूनचेच. तुमचा सा?" असं मी एकदा विचारलं.

"तेवढं एक राहिलं," ते म्हणाले. त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या चालत नाहीत. "मला कुठं गाता येतं? त्यांना द्या," असं म्हणून ते फोटोंकडे बोट दाखवतात.

एका वर्षी आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आले होते. अध्यक्ष हे जन्मतःच पहिल्या रांगेसाठी असतात. ते थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "वाघचौरेजी, एकदोन फोटो जरा सरकवले तर?"

"बिल्कुल सरकवू. तुमची तारीख काय?"

"अकरा नोव्हेंबर."

"मग दुसरी रांग."

मी तिथे दरवर्षी आभार मानतो. अकरा वर्षं मानतो आहे. कूलरचे, खुर्च्यांचे आणि जे लवकर निघून गेले त्यांचेही. आता मला ते भाषण झोपेत म्हणता येतं, आणि माझ्या बायकोच्या मते म्हणतोही.

यंदा सूत्रसंचालनाला तन्वी होती. मूळची सोलापूरकडची, करोल बागेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. माहिती हवी म्हणून तिने शाहिरांच्या नातवाला फोन लावला आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी माझ्याकडे आली.

"सर, लोचा आहे. नातू म्हणतो, आजोबा कार्तिकातले. एक जून शाळेतल्या मास्तरांनी लिहिली. दाखल्यासाठी."

"आणि बाकीचे सहा?"

"यार सर, माझे बाबा एक जूनचे. चुलते एक जूनचे. आमच्या गल्लीत निम्मे लोक एक जूनचे. पूर्वी घरच्यांना तारीख सांगता आली नाही की मास्तर तीच टाकायचे. काकांना कसं सांगायचं? मी नाही हं सांगणार. तुम्ही सांगा."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अकरा वर्षांच्या उकाड्याचा सूड हाती आला होता. सुरातली हवा वगैरे एका वाक्यात संपणार होती. जिना चढताना मात्र ते वाक्य जड होत गेलं. या माणसाच्या वर्षात एकच दिवस होता आणि तो मी काढून घ्यायला निघालो होतो.

काका जमिनीवर बसून जुन्या बनियनने फोटोंच्या काचा पुसत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

काचेवरचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"अच्छा. कार्तिकातले का? बरं झालं, त्यांना महिना तरी मिळाला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"साहेब, जन्मभर लोकांच्या सर्व्हिस फायली बघितल्या. एक जून म्हणजे काय, ते मला कळणार नाही?"

"मग ती सुरातली हवा?"

"ती दुसऱ्या रांगेसाठी."

मी खाली बसलो. त्यांनी लावणीवाल्या बाईंची काच हातात घेतली आणि तिच्याकडे बघतच बोलू लागले.

"आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. शाळेत चुलत्यानं नेलं. मास्तर म्हणाले, जन्म कधीचा? चुलता म्हणाला, आसंल की कवातरी. मास्तरांनी लिहिलं, एक जून. त्या पानावर आम्ही नऊ पोरं. सगळी एक जूनची. मला वाटलं, ही आपली भावंडं! एका दिवशी झालेली. खरंच वाटायचं, चौथीपर्यंत. एकाला छडी बसली की मी रडायचो. मास्तर म्हणायचे, तुला कुठं मारलं रे?" ते हसले. "पुढं कळलं. पण तोवर सवय लागली होती."

"आणि हे सात जण?"

"हे त्याच पानावरचे. लोकांनी यांना डोक्यावर घेतलं, पण जन्मले तो दिवस काही कुणी लिहून ठेवला नाही. एक दिवस तरी कुणी पहिल्या रांगेत बसवायला नको?"

"तुमचा खरा दिवस कुठला, काका?"

"चुलती सांगायची, शेतात हुरडा होता. बस. आता सांगायला तीही नाही."

एक जूनला सातही फोटो बसले. शाहीरही बसले. काकांनी हवेचा सिद्धांत सांगितला, तन्वीने माझ्याकडे बघितलं आणि मी कूलरकडे. आभार मानताना माझा आवाज एके ठिकाणी अडकला. लोकांना वाटलं, माइक गेला.

डिसेंबरअखेर तन्वी घरून परत आली ती पिशवीभर हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. माझ्या बायकोने तो भाजला. रविवारची दुपार होती, धुक्यातून ऊन यायचं की नाही हे अजून ठरत नव्हतं. मी ताटली घेऊन वर गेलो.

काकांनी दार उघडलं. ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज काय विशेष?"

"काही नाही. गावाकडे हुरडा आलाय म्हणे."

त्यांनी चिमूटभर दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिले. मला आत या म्हणायचं त्यांना सुचलं नाही आणि मलाही घाई नव्हती. मग त्यांनी घसा साफ केला.

"आज तारीख काय?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस डिसेंबर," ते म्हणाले आणि ताटली घेऊन आत वळले. "या तारखेला कोण कोण आहे, बघायला पाहिजे."