फसलीचे पाचशे नव्वद

चिंताकी गावाच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत शिवशरण कारकून होता. हेडमास्तर रेवणसिद्धप्पांना त्यानं छातीठोकपणे सांगितलं, "सर, जुन्या रजिस्टरातलं सगळं कॉम्प्युटरच्या पायथॉनात घालतो. एक बटण दाबलं की चौदाशे तारखा सरळ."

शाळेची शंभरी कधी भरते आणि सगळ्यात जुना हयात विद्यार्थी कोण, दोन्ही त्यावरच ठरणार होतं.

रजिस्टरात सालाचे शेवटचे दोनच आकडे होते. पहिल्या फेरीत पायथॉननं पंचावन्न म्हणजे २०५५ धरलं. अर्धी मुलं अजून जन्मायचीच होती. शिवशरणनं एक ओळ वाढवली: साल यंदाचं किंवा पुढचं निघालं तर शंभर वजा. तारखा शहाण्या पोरांसारख्या रांगेत बसल्या. शाळा १९२५ ची निघाली आणि मान नागूबाईंना गेला, प्रवेश १९५२.

शंभरीच्या कार्यक्रमाला मंडप भरला. नागूबाईंच्या खांद्यावर शाल पडणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून सरुबाई काठी टेकत उठल्या.

"मास्तर, नागीला कामून शाल घालायलाव? तिला कडेवर घेऊन मीच शाळंत आणून घातली."

"अक्का, कॉम्प्युटर तुम्हाला तीन वर्षांनी ल्हान सांगायलाय," शिवशरण म्हणाला.

"ती शाळंत आली तवा माझं लगीन ठरलं होतं. विचार त्याला."

"व्हय, खरं हाय," नागूबाईच म्हणाल्या. "अक्कानं दमून मला वाटेत दोनदा खाली ठेवली."

रजिस्टर मागवलं. सरुबाईंच्या पंचावन्नाशेजारी समासात उर्दूत एक बारका शब्द होता. शिवशरणला ती आजवर कुणाची तरी सही वाटली होती.

"फसली," हेडमास्तरांनी वाचलं. "निजामाच्या वेळचं साल. हे पंचावन्न म्हणजे तेराशे पंचावन्न, त्यात पाचशे नव्वद मिळव."

१९४५. शिवशरणनं स्टेजवरच लॅपटॉप उघडला आणि सगळ्या तारखांतून दहा वर्षं वजा केली. सरुबाई मागं सरकल्या, नागूबाईही सरकल्या, आणि पुन्हा नागूबाईच थोरल्या ठरल्या. कुठलं साल फसली आणि कुठलं इंग्रजी, ते फक्त समास सांगत होता. आणि समास त्यानं फायलीत घेतलाच नव्हता. आता चौदाशे नोंदी डोळ्यांनी वाचायच्या.

तोवर हेडमास्तरांनी रजिस्टराचं पहिलं पान उघडलं होतं. शाळेच्या स्थापनेच्या पंचविसाशेजारीही तोच शब्द होता.

"सर, म्हणजे शंभरी..."

"दहा वर्षांमागं होऊन गेली," हेडमास्तर हळूच म्हणाले. "आपल्याला कळलीबी न्हाई."

माइक चालूच होता. चारशे माणसांनी ते ऐकलं. शिवशरणला वाटलं, आपलं नावही समासात गेलेलं बरं.

सरुबाईंनी स्वतःच शाल ओढून घेतली, नागूबाईंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या मास्तर. जेवण तरी आजचंच हाय नव्हं?"