डबीतल्या मल्लांस अंगरखे चढविले त्याची हकीकत

श्री. समस्त पृथ्वीवर आजवर जी थोर कार्ये जाहली, समुद्रास सेतू पडले, गड सर जाहले, घोडे अटकेचे पाणी प्याले, त्या सर्वांवर कळस चढविणारे कार्य शके १८६०, बहुधान्य नाम संवत्सरी, ज्याचे नांव घेऊ नये ऐशा एका मुलखी सिद्धीस गेले. ते हे की, सिगारेटच्या डब्यांतून निघालेल्या चित्रांची यादी जाहली.

त्याचा मजकूर ऐसा. थोरले हुजूर कैलासवासी, त्यांस शौक दोन, धूर आणि मुष्टियुद्ध. पैकी मुष्टियुद्ध दुसऱ्यांनी करावे, धूर स्वतः काढावा, ऐसा बेत असे. विलायती तंबाखूवाले प्रत्येक डबीत मुठी वळलेल्या एका मल्लाचे बोटभर रंगीत चित्र घालीत, आणि हुजूर रयतेचे अर्ज न वाचता टाकीत, परंतु चित्र टाकीत नसत. ऐसे करिता करिता छाती रिती जाहली आणि पेटारा भरला. मग धाकटे हुजूर गादीवर आले आणि वर्षश्राद्ध जवळ आले, तेव्हां आज्ञा जाहली की, "आबासाहेबांची दौलत मखमलीत मांडावी, यादी करावी, आणि यांत आपल्या मुलखाचा कोणी मल्ल निघाल्यास त्यास तहहयात खुराक द्यावा, रोज दूध, तूप, बदाम." कोणी निघणार नाही याची खात्री असल्याखेरीज इतके औदार्य होत नाही.

काम दफ्तरातील रंगोपंत वाकनीस यांजकडे आले. पंत तपकिरीचे माणूस, धुराचा तिटकारा. पेटारा उघडला तो जुन्या तंबाखूचा ऐसा दर्प आला की पंत पहिला दिवस शिंकण्यातच सरकारी कामी आले. मग नाकास उपरणे बांधिले आणि एकेक चित्र चिमट्याने उचलून वर्ग पाडिले: मिशांचे, बिनमिशांचे, नाक मोडलेले, नाक मोडावयाचे राहिलेले. एकच चित्र दोनदां निघाले तेथे "जुळे बंधू" ऐसे लिहिले. आणि एके दिवशी चिमट्यात ऐसे चित्र आले की पंतांचे उपरणे गळून पडले. नांव नव्हते, खाली "हिंदी वाघ" इतकेच. परंतु नाक डावीकडे वाकडे, आणि उघड्या छातीवर मारुती गोंदलेला. हा म्हसोजी पाडळे, सर्कशीबरोबर विलायतेस गेला होता तो. परत आला तेव्हां त्यास पाहावयास कोणी गेले नव्हते. सांप्रत तालमीत केर काढी आणि भाकरी मिळे त्या दिवशी जेवी.

पंत चित्र घेऊन स्वतः तालमीत गेले आणि पुसते जाहले, "म्हसोबा, हा तूच ना?" म्हसोजीने चित्र लांब धरिले, जवळ धरिले, आणि बोलिला, "मीच की! सर्कस बुडाली, मग पोटासाठी गोऱ्यांची थोबाडं फोडली. त्यांनी माझं नाक फोडलं. फिटंफाट. पर पंत, अंगावर एवढं मांस कवा व्हतं, त्येची याद ऱ्हायली न्हाई." पंत बोलिले, "येईल पुन्हा. खुराक मिळेल तुला. बदाम!" "भिजवून द्या म्हणावं. दात तिकडंच ऱ्हायलं." यावर दोघेही हांसले. पंतांनी त्याचे खांद्यावर हात ठेवून वचन दिले की, "दरबारी मी उभा राहीन." वचन देतेसमयी पंत खरोखर उंच दिसत होते.

मग मखमल मांडली, तो शिरस्तेदार दादासाहेब पाहणीस आले आणि पाहतांच डोळे झांकिले. "पंत! अंगी वस्त्र नाही, डोईस पागोटे नाही, आणि मुठी वळलेल्या? हुजुरांवर हात उगारावयाचा आहे काय?" पंत बोलिले, "दादासाहेब, हे मुष्टियोद्धे आहेत." "असोत बापडे. दरबारात यावयाचे तर दरबारच्या रीतीने यावे." "परंतु चित्रे बिघडतील." "चित्रे बिघडली तर डबीत दुसरी मिळतील. रीत बिघडली तर कोणत्या डबीत मिळेल?" यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते, सबब पंतांनी तपकीर ओढिली.

मग नागू चितारी बसला, आणि सर्व मल्लांस अंगरखे चढविले, पागोटी बांधिली, वळलेल्या मुठी उलगडून हात जोडविले. मोडकी नाके दरबारास शोभत नाहीत म्हणोन तीही सरळ केली. परंतु नागूचा जन्म थोरल्या हुजुरांच्या तसबिरी काढण्यात गेला, त्याचे हातास नाक एकच ठाऊक. सबब अवघे गोरे, काळे, जुळे बंधूंसुद्धा, कैलासवासी हुजुरांचे नाक लावून हात जोडून उभे राहिले. पंतांनी हळूच म्हटले, "नागू, या एकाचे नाक..." नागू बोलिला, "सरकारी नाक हाय, पंत. गरिबाला फुकट मिळालं, तर तुमचं का दुखतंय?"

दरबार भरला. म्हसोजी कोणाचा तरी अंगरखा मागून घालून आला. बाह्या कोपरापाशीच संपत होत्या. हुजुरांनी चित्र पाहिले, म्हसोजी पाहिला, आणि बोलिले, "याचे नाक वाकडे. चित्रातल्याचे सरळ." म्हसोजी बोलिला, "म्हाराज, छातीवर मारुती हाय, दावतो," आणि बंद सोडू लागला, तो दादासाहेब गरजले, "हुजुरांपुढे उघडे अंग?" भालदारांनी हात धरिले. आणि चित्रातला मारुती तर नागूच्या तांबड्या रंगाखाली गेला होता. मग हुजूर पंतांकडे वळून पुसते जाहले, "यादी तुमची. हे नाक खरे की खोटे?" खोटे म्हणावे तर नाक थोरल्या हुजुरांचे. गादीवर बसले त्यांचेही तेच. म्हसोजी पंतांकडे पाहत होता, लहान मूल बापाकडे पाहते तैसा. पंतांनी मान खाली घातली आणि बोलिले, "नाक खरे आहे, महाराज." हुजूर संतोषी जाहले. पंतांस शालजोडी दिली, म्हसोजीस तोतया ठरवून देवडीबाहेर घातले, आणि दयाळू हुजुरांनी फटके माफ केले.

येणेप्रमाणे यादी सिद्धीस गेली. कागदाचे मल्ल मखमलीवर बसले, त्यांस वाळवी लागू नये म्हणोन कापूर आणि देखरेखीस माणूस नेमिला. हाडामांसाचा होता त्याचे खुराकाची सरकारांत बचत जाहली. आणि संवत्सराचे नांव बहुधान्य होते, हेही लिहून ठेवावे. बखर येथे पुरी व्हावयाची, परंतु पंत देवडीबाहेर आले तो पायरीवर म्हसोजी बसलेला. पंतांचे डोळे भरले. खांद्यावरील शालजोडी काढून त्याचे पुढे धरिली आणि म्हणाले, "म्हसोबा, मी... माझा इलाज..." म्हसोजीने शालीकडे पाहिले नाही. कानामागची विडी काढून ओठांत धरिली आणि बोलिला, "ऱ्हाऊ द्या, पंत. विडी माझी हाय. काडी असली तर तेवढी द्या."