तलाव खात्यातली तिखट गोळी

एका जंगलात एक तलाव होता. तलाव तसा लहानच, पण बालमित्रांनो, त्याला सांभाळणारं तलाव खातं चांगलं मोठं होतं. खात्याची कचेरी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होती. तिथून तलाव दिसत नसे. त्यामुळे काम शांतपणे चालायचं.

खात्याचे साहेब होते गवेसाहेब. हेडक्लार्क होते साळिंदरकाका. ते स्वतःच्याच पाठीचा काटा उपटून त्यानं बैठकीचं इतिवृत्त लिहीत. शिपाई होते वानरदादा.

दर सोमवारी बैठक व्हायची. बैठकीआधी वानरदादा प्रत्येकाला एक तिखट गोळी द्यायचे. हरभऱ्याएवढी, लालभडक, दगडासारखी टणक. सुंठ, मिरे आणि लवंगी मिरची पाकात घोटून केलेली. ती चावायची नाही, थुंकायची नाही, बैठक संपेपर्यंत तोंडात घोळवायची. तोंडाची अशी आग व्हायची की कुणाला बोलता यायचं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. त्या पाण्याला खात्यात निष्ठा म्हणत. ज्याला जास्त पाणी, त्याला बढती लवकर.

ही परंपरा आली कुठून? फार पूर्वी एका साहेबांचा घसा बसला होता. त्यांनी बैठकीत अशी एक गोळी तोंडात टाकली. साहेबांनी टाकली म्हणून सगळ्यांनी टाकली. घसा आठ दिवसांत बरा झाला. गोळी राहिली.

गवेसाहेब स्वतः मात्र गोळी घेत नसत. त्यांना पित्ताचा त्रास होता. त्यामुळे बैठकीत ते एकटेच बोलत आणि सगळे ठराव एकमतानं होत.

त्या वर्षी खात्यात टिटवी लागली. नेमणूक तात्पुरती, काम तलावाच्या बांधावर लक्ष ठेवायचं. खात्यात पक्षी घ्यायची ही पहिलीच वेळ. टिटवीचं घरटं बांधाखालच्या माळावर होतं. घरटं कसलं, चार खडे आणि त्यांच्या मधोमध चार अंडी.

पहिल्या सोमवारी तिनं गोळी घेतली आणि गटकन गिळली. डोळ्यांत टिपूस नाही. पक्ष्यांना मिरची लागत नाही, पोपटाला विचारा. पण खात्यात कुणी कधी पोपटाला विचारलंच नव्हतं.

"साहेब, बांधाला भेग पडलीय," टिटवी म्हणाली. "बोटभरच आहे. दोन टोपल्या माती टाकली की काम भागेल. खाली माझी अंडी आहेत हो."

गवेसाहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"अहो साळिंदर, हिचे डोळे कोरडे कसे?"

साळिंदरकाकांच्या तोंडात गोळी होती. "उं उं," ते म्हणाले. मग त्यांनी काटा उपटला आणि लिहिलं: नवीन कर्मचारी भावनाशून्य.

"बाई, तुम्हाला खात्याबद्दल काहीच वाटत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"वाटतं की. म्हणून तर भेगेचं सांगतेय."

"भेगेचं पुढं बघू. आधी डोळ्यांचं बघू."

लगेच समिती नेमली गेली. भेगेसाठी नव्हे, डोळ्यांसाठी. समितीनं टिटवीचे डोळे उजेडात पाहिले, सावलीत पाहिले. निष्कर्ष निघाला: गोळीचा तिखटपणा कमी पडतो, मिरची दुप्पट करावी. सगळं खातं मिरच्या कुटायला बसलं. इतकं काम खात्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

टिटवी वानरदादांकडे गेली.

"दादा, तुम्हाला हात आहेत. माझी चार अंडी तेवढी वर आणून ठेवा ना."

"आणली असती गं बाई. पण गोळ्या वळायच्यात. सोमवार तोंडावर आलाय."

"मग दोन टोपल्या माती तरी टाका."

"टोपल्या मिरच्यांत अडकल्यात ना!"

पुढच्या सोमवारी दुप्पट मिरचीच्या गोळ्या वाटल्या गेल्या. सगळं खातं हुंदके देऊन रडू लागलं. टिटवीनं गोळी गिळली आणि ओरडली, "साहेब, भेग हातभर झालीय! पाणी सुटलंय!"

"बघा, बघा," गवेसाहेब म्हणाले, "अजून कोरडेच!"

तेवढ्यात टेकडीमागे धडाड आवाज झाला. मिरचीनं आपलेच कान वाजले, असं समजून सगळे बसून राहिले. टिटवी तेवढी उडाली. खाली माळ नव्हता, नुसतं गढूळ पाणी होतं. तिनं त्या पाण्यावर खूप घिरट्या घातल्या. चार खडेसुद्धा तिला सापडले नाहीत.

तिसऱ्या सोमवारी नेहमीप्रमाणे बैठक भरली. टिटवी उशिरा आली आणि कोपऱ्यात बसली. वानरदादांनी पुढं केलेल्या गोळीला तिनं चोचसुद्धा लावली नाही. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं.

गवेसाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांना गहिवरून आलं.

"आलं! अखेर आलं पाणी! आता ही आपल्यातली झाली."

साळिंदरकाकांनी काटा उपटला आणि लिहिलं: दुप्पट मिरचीचा प्रयोग यशस्वी.

टिटवीला तिथल्या तिथं कायम करण्यात आलं. काम तेच, बांधावर लक्ष ठेवायचं.

तात्पर्य: कोरड्या डोळ्यांना भेग लवकर दिसते. म्हणून बालमित्रांनो, मोठेपणी नोकरीला लागायच्या आधी घरच्या घरी थोडं रडायची सवय करून घ्या.