पेजेचा व काढ्याचा निवाडा जाहला त्याची हकीकत

श्री कुलस्वामी साक्ष. जें डोळां देखिलें तें, आणि जें लोकांस पुसोन घेतलें तें, वेगळें वेगळें लिहिलें आहे. वाचणारांनीं एकत्र कालवूं नये. शके सोळाशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आषाढ मासीं राज्यांत पटकीचा उपद्रव थोर जाहला. माणूस सकाळीं औतावर जावा आणि दोन प्रहरीं ओकारी-जुलाबानें अंथरुणास खिळावा ऐसें होऊं लागलें. गादीवर बाईसाहेब होत्या. त्यांस पुसण्याची हौस फार. मुदपाकांत तूप आलें तरी म्हैस कोणाची आणि चारा काय खाते, ऐसें पुसत. मग राजवैद्य नारो त्रिंबक यांणीं अर्ज केला कीं, "किल्लेदारांस आमचा काढा दिला, पाणी अगदीं तोडलें, आणि तिसरे दिवशीं ते घोड्यावर बैसले." बाईसाहेब बोलिल्या, "उत्तम जाहलें. परंतु काढा न घेते तर उठते ना, हें कशावरून?" वैद्य म्हणाले, "ऐसे वीस असामी उठले." बाईसाहेब बोलिल्या, "उठले ते सांगितले. काढा घेऊन गेले ते कितीक?" वैद्यांनीं उपरणें सारखें केलें.

मग फडणीस विसाजीपंत यांस हुकूम जाहला कीं एकाच दिवशीं सारी पेठ फिरोन पाहावी. पंत फिरले आणि सांगते जाहले कीं, ज्या घरीं काढ्याचें भांडें त्याच घरीं दुखणें अधिक. वैद्य संतापोन म्हणाले, "अहो, दुखणें आलें म्हणोनच भांडें आलें!" यावर बाईसाहेब खूष जाहल्या, कारण वैद्य प्रथमच खरें बोलिले, एके दिवशीं पाहिलें असतां आधीं काय आणि मागाहून काय तें उमगत नाहीं. मग मेल्यांचे घरीं व उठल्यांचे घरीं जाऊन मागील हकीकत पुसली. मेल्यांचे घरचे म्हणाले, "ठकू सुईणीची पेज पाजली होती." उठल्यांचे घरचे काढ्याचें नांव घेत. ही ठकू वेशीबाहेर राहे, आणि तांदळाची पातळ पेज मीठ-गूळ घालोन घोटघोट पाजीत असे. परंतु घरांत माणूस गेलें म्हणजे बोट ठेवावयास कोणी तरी लागतें, हें जाणोन बाईसाहेबांनीं आणखी हुकूम केला कीं, आजपासोन जो दुखण्यास पडेल त्याचें नांव, काय घेतो तें, आणि पुढें काय होतें तें लिहावें. आम्हीं कारकुनांनीं महिनाभर लिहिलें. काढेवाले शंभरांत दहा गेले. पेजवाले शंभरांत चाळीस. मग वैद्यांनीं पगडी पुढें ठेविली आणि म्हणाले, "आतां तरी पेज बंद करावी आणि त्या बाईस सरहद्दीपार करावें." हुकूम लिहिला. शिक्का मात्र राहिला.

ठकूस बोलाविलें. ती म्हणाली, "बाईसाहेब, चालतं-फिरतं माणूस मला कोण दावतंय? गड चढवत न्हाई, तवा ठकूला हाळी मारत्यात." बाईसाहेब दचकल्या आणि तैशाच उठोन गडाकडे चालिल्या. राज्यांत चाल ऐसी कीं काढ्याचा पहिला घोट घेणें तो देवासमोर, गडावरच, आणि आपले पायीं चढोन; भांडें मग घरीं न्यावें. पायऱ्या तीनशें. बाईसाहेब वर जातां तीन वेळां बैसल्या आणि पंतांस म्हणाल्या, "काढ्यानें माणूस वांचलें, कीं पायऱ्यांनींच वांचणारें निवडून घेतलें?" एवढी साधी गोष्ट महिनाभर लिहितां आम्हां कोणाचे ध्यानीं आली नाहीं, याची लाज आजही वाटते.

मग मैदानांत मांडव घातला. येईल त्या दुखणाईतास तांब्याचे घागरींतील चिठ्ठी काढावी, पेज कीं काढा जें निघेल तें तेथेंच द्यावें, गड चढावयास लावूं नये. निवड वैद्यांनीं करूं नये, ठकूनें करूं नये, खुद्द बाईसाहेबांनींही करूं नये. आणि ज्यास चिठ्ठी नको त्यास मोकळीक असावी. वैद्य म्हणाले, "हा पोरखेळ आहे." ठकू म्हणाली, "पेज हातात असून पाजायची न्हाई?" बाईसाहेब दोघांस बोलिल्या, "कोणाचें खरें हें ठाऊक असतें तर चिठ्ठी कशास टाकिली असती?"

तिसरे दिवशीं ठकूची लेक कोंडाई हीस बाजेवर घालोन आणिली. चिठ्ठी निघाली काढ्याची. ठकू वाटी घेऊन धांवली. बाईसाहेब म्हणाल्या, "मोकळीक आहे, पाज." परंतु कोंडाईनेंच वाटी सारिली आणि म्हणाली, "आये, तुझ्या हातचं शंभरात चाळीस गेलं. साऱ्या पेठेला ठावं हाय. मला वैद्यबाबाचं घेऊ दे." ठकूनें हातापायां पडोन विनविलें. लेक ऐकेना. दुसरे दिवशीं दोन प्रहरीं ती गेली, शेवटीं पाणी मागत होती. ठकूनें तिचें तोंड पुसलें आणि उठोन बाकीच्यांस पेज पाजूं लागली. आम्हांस पाहवलें नाहीं.

पांचवे दिवशीं मोजलें. पेजेचे तीस, त्यांत तीन गेले. काढ्याचे तीस, त्यांत चौदा गेले. बाईसाहेबांनीं त्याच घटकेस घागर पालथी केली आणि उरल्यांस पेज सुरू केली. नारो त्रिंबक वैद्य यांणीं आपले हातें काढा ओतोन टाकिला आणि चुलीपाशीं बैसोन पेज हलवूं लागले, हें त्यांचे लौकिकास लिहिलें पाहिजे. मग ठकूस बोलावोन बाईसाहेब म्हणाल्या, "तुझें खरें ठरलें. काय मागतेस?" ठकू म्हणाली, "खरं ठरलं, ते माझ्या कोंडीला कोण सांगायला जाणार?"

एवंच, एकाची गोष्ट ऐकावी, एके दिवसाची पाहणी करावी, मागील पुसावें, पुढील लिहावें. परंतु कोणास काय मिळालें आणि कां मिळालें, हें पुसल्यावांचोन शिक्का करूं नये. पेज सर्व राज्यांत चालू जाहली. काढ्याचे चिठ्ठीचीं चौदा माणसें गेलीं त्यांचीं नांवें पुढें लिहिलीं आहेत. पहिलें, कोंडाई, ठकू सुईणीची लेक, वय वर्षें एकोणीस.