तंबाखूच्या कोठारातल्या गौरी

"लिहून ठेवा! जर्मनीतल्या म्युझियममध्ये उभ्या गौरी मांडणारी पहिली बाई मीच असणार!" ऊर्मिलाने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि आमटीचा डाव असा काही उंचावला की हृषिकेशच्या शर्टावर दोन थेंब पडले.

ऊर्मिला एकदा 'मी बघते' म्हणाली की बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं, हा त्या घरचा कायदा. हृषिकेश लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात मोठा केमिस्ट होता, पण घरात त्याच्या मताला मीठ-मसाल्याएवढीही किंमत नव्हती. सासूबाईंची गोष्ट मात्र वेगळी. शैलाताई तीन महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आल्या होत्या, आणि त्यांच्या हातातल्या पिशवीत, शालीत गुंडाळून, घराण्यातले दोन पितळी मुखवटे आले होते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पाच पिढ्यांच्या सुनांनी पुजलेल्या!

"आता माझ्याच्यानं होत नाही," सासूबाई आल्या आल्या म्हणाल्या होत्या. "मुखवटे तुझ्याकडे ठेवायचे की संध्याकडे, ते यंदाच्या गौरी बघून ठरवीन."

संध्या म्हणजे साताऱ्याची थोरली जाऊ. तिच्या पुरणपोळ्या, तिची आरास, तिचा घरंदाजपणा हे सगळं ऐकून ऐकून वीस वर्षांत ऊर्मिलाचे कान किटले होते. मुखवटे आपल्याकडेच राहिले पाहिजेत! त्याखेरीज तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच गावातल्या म्युझियमने 'आमचे शेजारी, त्यांचे सण' असं प्रदर्शन काढलं. तुर्की, इटालियन, पोलिश आणि आपण. प्रत्येकाला एकेक कोपरा.

"अहो आई, बघाच तुम्ही! संध्यावहिनींच्या गौरी गल्लीतल्या दहा बायका बघतात. आपल्या गौरी अख्खं गाव बघेल!"

"सोमवारी मूळ नक्षत्र आहे," सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या. "शनिवारी यायचं, रविवारी जेवायचं, सोमवारी जायचं. माहेरवाशिणी आहेत त्या. सोमवारी घरी आणशील ना?"

"आणते हो!"

म्युझियम होतं तंबाखूच्या जुन्या कोठारात. काळं पडलेलं लाकूड, बारीक फटींतून येणारा उजेड, आणि साठ वर्षांपूर्वी वाळलेल्या पानांचा वास अजून हवेत. खालच्या दालनात भुसा भरलेलं रानडुक्कर, दात उपटायची खुर्ची आणि जुन्या शाळेच्या बाकावर बसवलेली मेणाची चार पोरं. त्यांच्या समोरचाच कोपरा ऊर्मिलाला मिळाला. सगळा कारभार फ्राऊ क्लिंगरकडे. निवृत्त शाळामास्तरीण, अडुसष्ट वर्षांची, केस चंदेरी आणि स्वभाव फूटपट्टी! तिने अठरा कलमांचा करार पुढे केला. ऊर्मिलाने तो वाचला नाही. आपल्याकडे देवाच्या कामात कुणी कलमं वाचतं का? सही ठोकली आणि मोकळी झाली.

शुक्रवारी मांडामांड झाली. पत्र्याच्या दोन कोठ्या, त्यावर पैठण्या, त्यावर मुखवटे. 'धान्य, फळं, खाद्यपदार्थ सक्त मना' अशी पाटी भिंतीवर होती. किडे होतात म्हणे! पण गौरीचं पोट रिकामं ठेवायचं? ऊर्मिलाने इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही कोठ्यांत गळ्यापर्यंत गहू भरले. शनिवारी सकाळी तिने दारापासून गौरींपर्यंत लक्ष्मीची पावलं काढली. मुठीची कड ओल्या कुंकवात बुडवायची, ठसा उमटवायचा, वर बोटांनी पाच ठिपके. झालं पाऊल!

"गेनाऊ! अगदी बरोबर, तान्ह्या मुलाचं!" फ्राऊ क्लिंगर गुडघ्यावर बसून बघत राहिली. "मला शिकवा."

ऊर्मिलाने शिकवलं. शनिवार, रविवार ती दिवसभर तिथेच होती. माहिती सांगून सांगून घसा बसला. गावाच्या पेपरात फोटो आला. सासूबाई एकदा येऊन खुर्चीवर बसल्या, सगळं बघितलं आणि घरी गेल्या. ऊर्मिलाला वाटलं, मुखवटे खिशात!

सोमवारी सकाळी ती पिशवी घेऊन गेली तर दाराला कुलूप. फोन लावला.

"सोमवारी म्युझियम बंद," फ्राऊ क्लिंगर म्हणाली.

"पण मला माझ्या गौरी हव्यात! आज त्यांना जायचंय!"

"तीस नोव्हेंबरला जातील. कलम सात. तोवर मांडलेली वस्तू कुणालाही हलवता येत नाही, मालकालासुद्धा."

तीस नोव्हेंबर! तीन दिवसांच्या पाहुण्या अडीच महिने डांबून ठेवायच्या! घरी येऊन तिने सासूबाईंना चाचरत सांगितलं. आता आभाळ कोसळणार म्हणून डोळेसुद्धा मिटले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्या कुणासाठी थांबत नाहीत गं. निघायची वेळ झाली की निघतात."

एवढंच! ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रदर्शनाच्या पहिल्या आठवड्यात ज्याचा कोपरा त्याने दुपारी दोन तास राखण करायची, असा नियम होता. मंगळवारी दुपारी ऊर्मिला दालनात शिरली. चिटपाखरू नव्हतं. जुन्या लाकडाला तडे जाऊ नयेत म्हणून हवेत वाफ सोडणारं एक यंत्र गौरींच्या पाठीमागे ठेवलेलं होतं, ते तेवढं श्वास घेत होतं. हुस्स... हुस्स... बाकावरची मेणाची पोरं समोर बघत होती. ऊर्मिलाने त्यांच्या नजरेच्या दिशेने बघितलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पावलं! ताजी, ओली, लाल पावलं! आणि ती येत नव्हती. गौरींच्या पायापासून निघून, रानडुकराला वळसा घालून, मागच्या लोखंडी दाराकडे चालली होती.

येतानाची पावलं काढतात. जातानाची कुणी काढत नाही! साताऱ्यात नाही, पुण्यात नाही, कुठेच नाही. लक्ष्मी निघून चाललेली कोण मुद्दाम रंगवेल? ऊर्मिलाने रामरक्षा म्हणायला सुरुवात केली आणि चौथ्या ओळीला विसरली. मग पदर खोचला, रुमाल ओला केला आणि एकेक पाऊल पुसून काढलं. फ्राऊ क्लिंगरने बघितलं तर? गावभर झालं तर? सासूबाईंच्या कानावर गेलं तर मुखवटे सरळ साताऱ्याला!

"अरे हृषिकेश, गौरी चालायला लागल्यात," तिने घरी त्याला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं.

"कुंकवात काहीतरी केमिकल असेल," तो म्हणाला.

"केमिकलला पाच बोटं असतात का रे?"

विज्ञान शर्टाचे डाग धुवायला निघून गेलं.

बुधवारी पावलं पुन्हा होती. तीच वाट, तेच दार, पण आज जरा घाईची. अंतर वाढलं होतं! ऊर्मिलाने पुसली. वर बघितलं तर ज्येष्ठेची मान किंचित वळलेली, लोखंडी दाराच्या दिशेने. आपल्या हातून तिरकी बसली असेल, असं स्वतःला बजावत तिने मुखवटा सरळ केला. गुरुवारी पावलं होतीच, तीही पुसली; पण मान परत वळलेली होती, आणि मुखवटा दोन बोटं वर उचलला गेला होता. निघायच्या आधी माणूस टाचा उचलून बघतं ना, अगदी तसं. ऊर्मिला जवळ गेली. ज्येष्ठेच्या पितळी गालावरून पाण्याचा थेंब ओघळला. मग दुसरा. कनिष्ठेचेही डोळे भरलेले!

"बाई गं, रडू नकोस," ऊर्मिला कुजबुजली, आणि तिच्याच डोळ्यांना धार लागली. पाहुणीला दार लावून कोंडलं आपण! कशासाठी? जावेचं नाक खाली करायला! आपल्यासारखी करंटी आपणच. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. मुखवटे आपल्याला मिळोत न मिळोत, यांना आधी सोडवायचं, असं तिने ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी ती भाजीची मोठी कापडी पिशवी आणि एका डब्यात दहीभात घेऊन आली. जाताना दहीभात दाखवायचा असतो. कलम सात गेलं खड्ड्यात! दालन रिकामं होतं. पावलं हजर होती. तिने हात जोडले, दहीभात दाखवला, अक्षता टाकल्या, आणि "पुनरागमनाय च" म्हणत ज्येष्ठेचा मुखवटा दोन्ही हातांनी उचलला.

गळ्यातून बोटं बाहेर आली!

पांढरी, बारीक, दमट बोटं. शेकड्यांनी! वर उठलेली, एकमेकांत गुंतलेली, टोकाला हिरवट. ऊर्मिलाच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून रानडुकराच्या अंगातला भुसा हलला असेल. मुखवटा तिने पिशवीत कोंबला, कनिष्ठेकडे न बघता तिचाही उपटला, आणि धूम ठोकली. कुठे? समोर पावलं होती, त्यांच्याच मागे! वळसा, रानडुक्कर, लोखंडी दार. तिने खांद्याने दार ढकललं आणि सगळ्या कोठारात भोंगा वाजायला लागला.

बाहेर अंगणात फ्राऊ क्लिंगर उभी होती. शेजारी अग्निशमन दलाचे दोन जाडजूड गृहस्थ. एकाच्या हातात घड्याळ, दुसऱ्याच्या हातात कागद. ऊर्मिला पिशवी छातीशी धरून त्यांच्या पुढ्यात येऊन बसली, म्हणजे पडली.

"एकवीस सेकंद!" घड्याळवाला म्हणाला.

"बघितलंत?" फ्राऊ क्लिंगरचा चेहरा फुलला. "वाट सापडते! परक्या माणसालासुद्धा सापडते!"

मग कळलं ते असं. सोमवारी या दोघांनी म्युझियमची तपासणी केली होती आणि शेरा मारला होता: आग लागली तर लोकांना मागचा दरवाजा कुठे ते कळत नाही, शुक्रवारपर्यंत वाट दाखवा, नाहीतर प्रदर्शन बंद. जुन्या लाकडी जमिनीवर पट्ट्या चिकटवायला सरकारी बंदी. फ्राऊ क्लिंगरला शनिवारचा धडा आठवला. कुंकवाची डबी कोपऱ्यात होतीच. तिने रोज सकाळी गुडघ्यावर बसून, मूठ बुडवून, गौरींपासून संकटकाळच्या दारापर्यंत पावलं काढली होती.

आणि ती बोटं? फ्राऊ क्लिंगरने कोठीत डोकावून बघितलं. "गहू," ती फूटपट्टीच्या आवाजात म्हणाली. आठ दिवस यंत्राची वाफ खाऊन गहू फुगले होते, मोडावले होते, आणि मुखवट्याला वर रेटत, वळवत होते. गालावरचे थेंबही त्याच वाफेचे. ऊर्मिला जमिनीत जागा शोधायला लागली.

"मला तुमच्या सासूबाईंना भेटायचंय," फ्राऊ क्लिंगर म्हणाली. "त्यांच्या मौल्यवान वस्तू भिजल्या. माफी मागते. कलम सातचं नंतर बघू. आणि एक विचारायचंही आहे."

तिने ऊर्मिलाला गाडीत घातलं आणि घरी आणलं. सासूबाई सोफ्यावर, हृषिकेश शेजारी. ऊर्मिलाच्या नशिबी आलं दुभाष्याचं काम! तिने मान खाली घालून पिशवी सासूबाईंपुढे ठेवली आणि गव्हापासून भोंग्यापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. फक्त रुमालाचं तेवढं गाळलं.

"चुकले हो आई! मी त्यांना सोमवारी पाठवू शकले नाही!"

"कुणाला?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, तिथे कोण होतं? पितळ होतं नुसतं. बायकांच्या गर्दीत फोटो काढत होतीस, आवाहन केलंस का तू? मी विचारणार होते, पण तुला फुरसत कुठे! मग माझ्या माहेरच्या रिवाजाने शनिवारी संध्याकाळी हृषीला घेऊन ऱ्हाइन नदीवर गेले. मुक्याने, कुणाशी न बोलता, पाच खडे आणले, त्याच गौरी. माझ्या खोलीत स्टुलावर बसवले. रविवारी जेवल्या, सोमवारी गेल्या."

हृषिकेश खिडकीतून बाहेर बघायला लागला. घरात गौरी आल्या, जेवल्या, गेल्यासुद्धा, आणि घरच्या सुनेला पत्ता नाही! ती गावाला गौरी समजावून सांगत होती.

"आता माझा प्रश्न विचारा," फ्राऊ क्लिंगर पुढे सरकली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मी तीन रात्री झोपले नाही. रोज सकाळी पावलं काढते आणि रोज संध्याकाळी ती नाहीशी होतात! दालनात तुमच्याशिवाय कुणी नसतं, आणि तुम्ही तर भाविक. मग पुसतं कोण? तुमच्याकडे असं काही... भूतबीत मानतात का?"

ऊर्मिला सासूबाईंकडे वळली. "आई, या म्हणतात, हवा छान आहे."

सासूबाई जर्मनचं एक अक्षर जाणत नव्हत्या. पण फ्राऊ क्लिंगरने हवेत मूठ आपटून, पाच ठिपके देऊन, मग पुसल्याची खूण करून दाखवली होती. सासूबाईंनी तिच्या लाल झालेल्या नखांकडे बघितलं. मग ऊर्मिलाकडे बघितलं.

"तीन दिवस तुझे रुमाल लाल निघतायत धुताना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, घोळणा फुटला पोरीचा."

त्या उठल्या. देवापुढची करंडी आणली. फ्राऊ क्लिंगरला हळदकुंकू लावलं, तिच्या ओटीत तांदूळ आणि सफरचंद घातलं. नारळ घरात नव्हता. फ्राऊ क्लिंगर ताठ उभी राहिली, डोळे भरून आले तिचे.

"सत्तरीला टेकलेली परमुलखातली बाई," सासूबाई म्हणाल्या, "रोज गुडघे टेकून लक्ष्मीची पावलं काढते. आणि आमची सून रोज ओल्या रुमालाने ती पुसते. मुखवटे संध्याकडे जातील. ही बाई माझी सून असती ना, तर हिला दिले असते."

"काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?" फ्राऊ क्लिंगरने ऊर्मिलाचा हात धरला.

"म्हणाल्या," ऊर्मिलाने सांगितलं, "चहा घेणार का?"

"गेर्न! आनंदाने!" फ्राऊ क्लिंगर खूश होऊन बसली, आणि ऊर्मिला मुकाट्याने आधण ठेवायला उठली.