सॉरीचं मूळ

बाळांनो, एका जंगलात एक टिटवी राहत होती. तळ्याकाठच्या उघड्या माळावर, खड्यांच्या आडोशाने ती अंडी घालायची. यंदा तिने चार घातली होती.

एके सकाळी तळ्याकडे निघालेल्या गव्याचा पाय पडला आणि दोन अंडी फुटली. टिटवीने आकांत मांडला.

त्या जंगलाची एक जुनी रीत होती. ज्याच्या पायाखाली अंडी फुटतील, त्याने पिल्लं उडेपर्यंत ती वाट सोडायची, टेकडीला वळसा घालून पाण्यावर जायचं. पण शहरातल्या पिंजऱ्यातून सुटलेल्या एका पोपटाने नुकताच एक इंग्रजी शब्द आणला होता. गव्याला तो फारच सोयीचा वाटला.

"सॉरी," गवा म्हणाला आणि त्याच वाटेने पुढे चालू लागला.

"गवेदादा, वाट सोडणार ना?" टिटवीने विचारलं.

"अगं, सॉरी म्हटलं ना!"

हा शब्द वळशापेक्षा मोठा असणार, असं बिचारीला वाटलं. ती साळिंदरशास्त्र्यांकडे गेली. साऱ्या शब्दांची कुळं त्यांना तोंडपाठ.

"वा, छान प्रश्न!" शास्त्रीबुवांचे काटे आनंदाने उभे राहिले. "फार जुना शब्द. मूळ अर्थ दुखणं, ठणकणं. म्हणणाऱ्याला कळ लागलीय, असा भाव."

"मग तो लंगडत का नव्हता?"

"वापरून वापरून अर्थ झिजतो, बाई. पण मूळ बघ, किती सुंदर!"

खरं सांगायचं तर टिटवीला ऐकून बरं वाटलं. इतक्या थोर कुळातल्या शब्दाने आपली माफी मागितली!

शास्त्रीबुवांना घेऊन ती परतली, तेव्हा गवाही पाणी पिऊन परतत होता. त्याच वाटेने. उरलेली दोन्ही अंडी फुटली होती.

"व्हेरी सॉरी," गवा म्हणाला.

"व्हेरी म्हणजे मुळात खरंखुरं!" शास्त्रीबुवा मोहरून गेले.

टिटवी टरफलांपाशी बसून राहिली. फार वाईट वाटलं तिला, बाळांनो. सांगताना मलाही वाटतंय.

"आता तू इट्स ओके म्हणायचं असतं," पोपटाने शिकवलं.

टिटवी काही केल्या म्हणेना. तेव्हा जमलेले सगळे प्राणी एकमेकांना म्हणाले, "ही टिटवी भारीच उर्मट आहे हो!"

तात्पर्य: चांगले शब्द लहानपणीच पाठ करावेत. मग मोठेपणी पाय कुठे पडतो, हे पाहत बसावं लागत नाही.