कंगोरे नसलेली गोगलगाय

"ही जात नवी आहे, हे मी डोळे मिटूनसुद्धा सांगेन," असं जीवाश्मांचा अभ्यासक नेव्हियो गालास्सी गावभर सांगत सुटला होता. खरंच डोळे मिटून सांगितलं असतं, तर पुढे निदान तेवढी सबब तरी उरली असती!

इटलीतल्या मोदेनाच्या वरच्या डोंगरात कधीकाळी समुद्राचा तळ होता आणि त्यातून वायू बुडबुडत असे. त्या बुडबुड्यांभोवती जगलेल्या गोगलगाई आता तिथल्या चुनखडीत सापडतात. साऱ्या कंगोरेदार, आणि त्यांचं बारसं कधीच उरकलेलं. एर्मेलिंदाबाईंनी आणून दिलेले शंख मात्र साफ गुळगुळीत होते. बाई नेव्हियोच्या शाळेतल्या शिक्षिका. लग्न नाही, मूलबाळ नाही. "माझ्यामागे माझं नाव घेणारं कोणी नाही रे," असं त्या एकदा बोलून गेल्या, तेव्हाच नेव्हियोने ठरवून टाकलं. शोधनिबंध छापून आला आणि गोगलगाईला बाईंचं नाव मिळालं.

रविवारी चर्चच्या सभागृहात गाव जेवायला जमलं. बाई नवा कोट घालून मधोमध बसल्या होत्या.

"बाई, इतके स्वच्छ शंख मी कुठे पाहिले नाहीत," तोर्तेल्लिनीचं सूप ओरपत नेव्हियो म्हणाला. "सुईने दगड कोरताना जीव गेला असेल."

"सुई दिसते कुणाला? रात्रभर व्हिनेगरमध्ये घालून ठेवते."

नेव्हियोचा चमचा हवेतच राहिला. "व्हिनेगरमध्ये?"

"घरच्या पिंपातल्या. तुला द्यायचे, म्हणून बाजारचं नाही वापरलं हो."

"बाई, व्हिनेगरने चुनखडी विरघळते."

"मीच शिकवलंय तुला ते. दगड जावा म्हणून तर घालते."

"शंखही चुन्याचाच असतो, बाई."

बाईंनी पिशवीतून एक शंख काढला. "हा धुवायचा राहिलाय. बघ ना, कसा रेघारेघांचा मळ बसलाय."

मळ नव्हता. कंगोरे होते. जुन्याच जातीचे, अगदी चित्रात असतात तसे.

गप्प बसावं असं नेव्हियोला फार वाटलं. पण ज्या बाईंनी त्याला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं केलं होतं, त्याच समोर होत्या. त्याने सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला, आणि ते त्याला बघवेना.

"म्हणजे माझं नाव खोडणार?"

"छापलेलं खोडता येत नाही. जुन्या नावाखाली, चुकलेल्या नावांत राहतं. कायमचं."

"एकटंच?"

"नाही. त्याच्यापुढे नाव ठेवणाऱ्याचं आडनाव लागतं. माझं."

"एर्मेलिंदा गालास्सी," बाई हळूच म्हणाल्या. "चुकून का होईना, कुणाच्या घरची झाले."

बाईंनी पिशवीतून रिबीन बांधलेली बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली.

"तुझ्यासाठीच आणली होती. त्याच पिंपातलं आहे."

नेव्हियोने निमूटपणे ती घेतली आणि शंखापासून जरा लांब ठेवली.